जोडीदाराचं जोरात घोरणं कमी कसं करायचं? आधी एक रात्र जागून ऐका

तुम्ही विचारलंय की जोडीदार इतका मोठ्याने घोरतो की झोपेचं खोबरं होतंय, आवाज कमी करायला काय करता येईल. कुशीवर झोपवणं, उशाकडची बाजू उंच करणं, रात्री दारू बंद, चोंदलेल्या नाकाचा इलाज, हे सगळं तुमचं करून झालं असणार, त्यात वेळ घालवत नाही. मी लिहितोय ते वेगळ्याच कारणाने.

आमच्याकडे घोरायची ती बायको. मी कितीतरी वर्षं त्याची थट्टा केली. एकदा नातेवाईक जमलेले असताना तिची नक्कल करून दाखवली, सगळे पोट धरून हसले, तीही हसली. त्यानंतर तिने कुणाकडे मुक्कामाला जाणंच सोडलं, आणि अगदी राहावंच लागलं तर सगळे झोपेपर्यंत जागी बसून राहायची. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. अजून आठवलं की पोटात कालवतं.

सकाळी उठल्या उठल्या तिचं डोकं जड असायचं, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा, चिडचिड तर कायमचीच. पाळी नुकतीच गेलेली, त्यामुळे डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, होईल बरं. झोपेचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. खरं तर पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा त्रास वाढतो, पण बाई घोरते हे बोलायचीच चोरी.

मग एका रात्री घोरणं एकदम थांबलं आणि त्यानेच मला जाग आली. तिची छाती वरखाली होत होती, पण नाकापुढे हात धरला तर हवाच लागेना. मी मनात आकडे मोजत होतो. एकवीसला पोचलो तेव्हा घशातून खर्रकन आवाज आला, ती दचकली, कूस बदलली आणि परत घोरायला लागली. डोळे उघडलेसुद्धा नाहीत. सकाळी तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पुढच्या रात्री मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि तिला ऐकवलं, तिने अर्ध्यातच मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाली, "मी मरत होते का रे?"

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करायला लावली. तासाला 34 वेळा श्वास अडत होता. किमान 10 सेकंद अडला तरच तो मोजतात, तासाला 5 च्या आत असेल तर नॉर्मल आणि 30 च्या वर गेला की गंभीर. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, अरुंद वाटेतून हवा जाताना टाळू आणि पडजीभ थरथरते ते घोरणं, आणि वाट पूर्ण मिटली की ती शांतता. म्हणून नुसता आवाज बंद करायच्या मागे लागू नका.

तिला सीपॅप मशीन लागलं. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. पहिले काही आठवडे वाईट गेले, तोंड कोरडं पडायचं, झोपेतच मास्क ओढून काढायची. मास्कचा प्रकार बदलला तेव्हा जमलं. डोकेदुखी गेली, घोरणंही गेलं.

माझा मेहुणा मात्र अजून म्हणतो की घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, तूच माझ्या बहिणीला नळी लावून पेशंट करून ठेवलंस, ही सगळी हल्लीची फॅडं. हल्लीची कसली, ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी हे मशीन 1981 मध्येच पेशंटवर वापरून दाखवलंय. आणि गाढ झोप कसली, श्वास अडला की मेंदू बरेचदा झोप मोडूनच श्वास सुरू करतो. मेहुणा स्वतः घोरतो, बीपीच्या गोळ्या वाढतच चालल्यात, औषधांना दाद न देणाऱ्या बीपीमागे बरेचदा हेच असतं. त्याला तीनदा सांगून झालं. तपासणी करत नाही तोवर लांब पल्ल्याची गाडी तरी चालवू नको म्हटलं, तर बोलणंच टाकलं.

हां, घोरणाऱ्या प्रत्येकालाच ॲप्निया असतो असं नाही, आणि बारीक माणसालाही तो असू शकतो. साधं घोरणं किंवा सौम्य त्रास असेल तर डेंटिस्ट खालचा जबडा पुढे धरणारी कवळीसारखी पट्टी बनवून देतात, बऱ्याच जणांना चालते. वजन जास्त असेल तर उतरवल्याने फरक पडतोच. नाकावरच्या पट्ट्या नाकाचाच प्रॉब्लेम असेल तर, एरवी पैसे वाया. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका, काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो.

कानात बोळे घालून झोपायच्या आधी एक रात्र जागून ऐका. डॉक्टरकडे तुम्हीही सोबत जा, घोरणाऱ्याला रात्रीचं काही माहीत नसतं. आणि रेकॉर्डिंग ऐकवाल तेव्हा खोलीत तिसरं कोणी नको.