बातमी खरी, पण तिरकी

प्रश्न : ताई, मी रोज दोन पेपर वाचते. एकाच घटनेची बातमी दोघांत इतकी वेगळी असते की कुणीतरी खोटं बोलतंय असंच वाटतं, पण ताडून बघितलं तर वाक्यं दोन्हीकडची खरी निघतात. मग झोल कुठे असतो?

उत्तर : बहुतेक वेळा क्रियापदात. मंत्री काहीतरी बोलले, बस, एवढंच घडलंय. आता "दावा केला" लिहिलं की वाचकाच्या डोक्यात शंका आली, "कबुली दिली" लिहिलं की आजवर काहीतरी लपवत होते असं झालं, आणि "स्पष्ट केलं" लिहिलं म्हणजे बातमीदाराने त्यांचं म्हणणं आधीच खरं धरून टाकलं. "म्हणाले" हा साधा शब्द ज्या बातमीत जास्त दिसतो तिच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

मग कर्ता शोधा. "गोळीबारात दोघांचा मृत्यू" आणि "पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांनी दोघे ठार", दोन्ही खरं, पण पहिल्यात गोळी कुणी झाडली ते गायबच. "आंदोलनाला हिंसक वळण लागलं" हे तर माझं नावडतं वाक्य, वळण असं आपोआप कुठे लागतं हो, पहिला दगड किंवा पहिली काठी कुणाची तरी असतेच ना, आणि नेमकं तेच सांगायचं नसतं (किंवा बातमीदाराला खरंच माहीत नसतं, तेही होतं).

फोटोखालची ओळसुद्धा वाचत जा. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हाचे दोन फोटो खूप गाजले. दोन्हीकडे छातीभर पाण्यातून सामान घेऊन निघालेली माणसं. काळ्या तरुणाच्या फोटोखाली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने लिहिलं की तो दुकान लुटून निघालाय, आणि गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली एएफपी या दुसऱ्या वृत्तसंस्थेची ओळ अशी की यांना दुकानातला ब्रेड आणि सोडा "सापडला". भरपूर बोंब झाली. पण एजन्सी दोन, फोटोग्राफरही दोन, आणि दोघांकडे उत्तर होतं: एकाचं म्हणणं त्या तरुणाला दुकानातून माल उचलताना बघितलं, दुसऱ्याचं म्हणणं माल दुकानाबाहेर पाण्यावर तरंगत होता. म्हणजे कट वगैरे सिद्ध होत नाही, तरी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघणाऱ्याला जे टोचलं तेही खोटं नाही.

प्रश्न : "अमुक केल्याने आजाराचा धोका दुप्पट" अशा बातम्या वाचून घाबरायला होतं. खऱ्या मानायच्या का?

उत्तर : दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, एवढं विचारा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. तेच बातम्यांतून सगळीकडे गेलं. मूळ हिशेब काय होता, तर साधारण ७,००० बायकांमागे एकीऐवजी दोघी! कितीतरी जणींनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले असं सांगितलं जातं. वर गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. इथे एकही आकडा चुकीचा नव्हता, फक्त अर्धाच सांगितला होता. त्यामुळे बातमीत टक्के दिसले आणि "इतक्या जणांत इतके" हे कुठेच नसलं की मी ती बातमी अर्धवट समजते.

प्रश्न : हेडिंग एक आणि आत भलतंच, असं का?

उत्तर : कारण हेडिंग बहुतेक ठिकाणी बातमीदार देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो, जागा कमी आणि वेळ त्याहून कमी. प्रत्येक वेळी हेतू वाईटच असेल असं नाही. पण हेडिंगमध्ये प्रश्नचिन्ह असेल तर थांबा, पुरावा असता तर सरळ विधान केलं असतं की.

प्रश्न : आमचे मेहुणे म्हणतात हा पेपर सत्ताधाऱ्यांना विकला गेलाय, मला तर तो विरोधकांचा वाटतो. बरोबर कोण?

उत्तर : कदाचित कुणीच नाही. वॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी १९८५ मध्ये एक अभ्यास छापला, पेपरचा नाही, टीव्हीच्या बातम्यांचा. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या बैरुतला पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड झालं, त्याच्या त्याच बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, तर दोन्ही गटांना वाटलं की बातम्या आपल्याच विरोधात आहेत. पण यावरून काही संपादक जे म्हणतात ना, "दोन्ही बाजू शिव्या देतात म्हणजे आम्ही निष्पक्ष", तेही मला पटत नाही, दोन्हीकडून शिव्या खाणारा पेपर नुसता वाईटही असू शकतो.

तुम्ही दोघं एक करून बघा. पुढच्या बातमीत पक्षांची नावं अदलाबदल करा आणि मोठ्याने वाचा. काल जी भाषा योग्य वाटली ती आज खटकली, तर तो तिरकेपणा बातमीत आहे की वाचणाऱ्यात यावर मेहुण्यांशी खुशाल भांडा.