तबेल्यात पहिली नोकरी लागली आणि रोज पहाटे पोटात गोळा येतो

"मॅडम, बारा दिवस झाले अन् मी अजून नुसती लीदच उचलून राहिली आहे." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलीने खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे सांगितलं आणि मग रडायलाच लागली. तिची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय 22, बी.कॉम. झालेली, घर नागपूरच्या महालाकडे. लहानपणी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढला एवढाच तिचा जनावरांशी संबंध, मग कॉलेजात असताना कोणाच्या तरी वरातीतल्या घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि तेव्हापासून डोक्यात घोडेच. रिंग रोडच्या पलीकडे घोडेस्वारी शिकवतात अशा एका ठिकाणी मदतनीस हवी होती, ही गेली, त्यांनी ठेवून घेतलं. घरी आत्याने ऐकवलं, "बी.कॉम. करून लीद उचलायला गेली का?" आणि नेमकं तेच काम वाट्याला आलं, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईचना. पहाटे साडेचारचा गजर व्हायच्या आधीच जाग यायची, पोटात गोळा, छातीत धडधड, आज कोणाला तरी कळेल की हिला काहीच येत नाही.

पहिल्या नोकरीची ही भीती माझ्याकडे सारखी येते. हॉस्पिटलमधली, दुकानातली, ऑफिसातली मुलं हेच बोलतात, फक्त जागा बदलते. पण तबेल्यात एक फरक असतो: समोर फाईल नसते, चारशे किलोचं जिवंत जनावर असतं, म्हणून मी तिला "घाबरू नकोस" असं काही म्हटलं नाही. म्हटलं, तुझा कालचा दिवस मला सांग, अगदी बादलीपासून.

तिने सांगितला आणि मी नुसती ऐकत राहिले. सकाळी आधी पाणी बघायचं, मग चारा, मग लीद आणि ओलं झालेलं तणस काढायचं, कोरडं पसरायचं, मग खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासायचं, मग खूर साफ करायचे. आठ घोडे. एक घोडा दिवसाला 15-20 किलो लीद टाकतो, म्हणजे सगळे मिळून सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात, आणि ती फावड्याने गाडीत भरून उकिरड्यावर न्यायची. पाणी एकेका घोड्याला 25-40 लिटर लागतं, आपल्याकडच्या नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, त्याहूनही जास्त. चारा एकदम टाकून चालत नाही कारण घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानाने लहान असतं, थोडं थोडं पण दिवसभर काहीतरी तोंडात लागतं. चंदी, म्हणजे दाणा, मोजून. हे सगळं ती घडाघडा बोलली आणि शेवटी परत म्हणाली, मला काही येत नाही.

मी विचारलं, लीद काढली नाही तर काय होईल? तर उत्तर तयार होतं. मुताचा वास साचतो, डोळ्यात झोंबतो, घोड्याच्या फुफ्फुसाला त्रास होतो, आणि ओल्यात उभं राहून राहून खुराच्या तळाचा मऊ भाग सडतो, काळा होतो, घाण वास येतो. मग म्हटलं, लीद कमी पडली, कोरडी पडली, पातळ झाली तर सगळ्यात आधी कोणाला दिसेल? ती थांबली. "जो उचलतो त्याला."

मला इथे स्पष्ट सांगायचंय की नव्या माणसाला पहिले काही आठवडे हेच काम देणारा तबेला बहुतेक वेळा बरोबरच करत असतो. त्या काळात घोडे तुम्हाला ओळखतात, तुम्ही घोड्यांना, कोणता चावरा आहे, कोणाला मागून आलेलं चालत नाही, कोण चंदीच्या वेळी कान मागे पाडतो. आत्याला त्यातलं काही दिसणार नाही, दिसायची गरजही नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत बाहेर आली.

आठव्या दिवशी एका घोडीने सकाळची चंदी अर्धी टाकली होती. वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, पुढच्या पायाने जमीन खरवडत होती. हिला दिसलं, काहीतरी वेगळं आहे हेही कळलं, पण वाटलं मी नवीन, उगीच सांगितलं आणि काही नसलं तर हसतील. गप्प राहिली. अर्ध्या तासाने तिथल्या म्हाताऱ्या मोतद्दार काकांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या काकांनी, बघितलं, लगेच डॉक्टरांना फोन. पोटशूळ होता, ज्याला तिथे सगळे कॉलिक म्हणतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याचं पोट दुखणं आपल्या पोटदुखीसारखं नसतं, उशीर झाला तर जनावर जाऊ शकतं. औषध झालं, डॉक्टरांनी सांगितलं तसं हळूहळू फिरवलं, संध्याकाळी घोडीने लीद टाकली आणि सगळ्यांनी श्वास सोडला. पण ही त्या दिवसापासून मनात आपल्याला गुन्हेगार करून बसली होती.

"काका काय म्हणाले?"

"काहून नाही सांगितलं गं पोरी?"

"ओरडले?"

"नाही."

"त्याच्या पुढे काही बोलले का?"

बराच वेळ आठवत बसली. "म्हणाले, पुढच्या वेळी दिसलं तर पळत ये."

त्या दिवसापासून तिने पहिलं वाक्य शंभर वेळा मनात वाजवलं होतं आणि दुसरं एकदाही नाही. घाबरलेलं मन असंच ऐकतं, त्यात तिचा दोष नाही. पण त्या दुसऱ्या वाक्यात तिची अख्खी नोकरी होती: म्हातारा माणूस तिला सांगत होता की तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे, फक्त तोंड उघड.

तिची चूक झाली होती आणि मी ती पुसली नाही. हो, सांगायला हवं होतं. पण ज्ञान कमी पडलं म्हणून ती चूक झाली नव्हती, तिने ओळखलं तर बरोबर होतं! लाजेने झाली होती. म्हणून आम्ही लाजेवरच काम केलं. एकच वाक्य ठरवलं, "काका, मला हे वेगळं दिसून राहिलं, एकदा बघता का?" मी काका झाले, घाईत असलेले काका, फोनवर असलेले काका, वैतागलेले काका, आणि तिने ते वाक्य सात-आठ वेळा मोठ्याने म्हटलं, पहिल्यांदा आवाज फुटत नव्हता, शेवटी शेवटी जरा दणकून आला. सोबत एक छोटी वही, दिवसाला एक प्रश्न लिहायचा आणि तो त्याच दिवशी विचारायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही. दोन आठवडे एवढंच.

अंगाची जी भीती होती तिला मी हात लावला नाही, ती हवीच. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला अगदी नाकासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही कधीच, तो बिचकून पळाला तर बोटं जातात, घडी करून धरायची. बांधताना ओढलं की सुटेल अशीच गाठ. चपला-सँडल घालून आत जायचं नाही, जाड बंद बूट. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, कारण लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतात आणि हाताला खरचटणं तर रोजचंच. हे तिने घेतलंच नव्हतं, त्याच संध्याकाळी घ्यायला लावलं. पहिले पंधरा दिवस कंबर, खांदे, तळहात दुखणार हेही सांगितलं, कारण ती त्या दुखण्याचासुद्धा अर्थ लावत होती की मी या कामासाठी बनलेली नाही.

एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत विचारून घेतली होती, कारण प्रत्येक वेळी अडचण मुलांच्या मनातच असते असं नाही, कधी कधी जागाच वाईट असते. पगार किती आणि कधी हे ठरलंय का, आठवड्याची सुट्टी आहे का, लागलं तर दवाखान्याचं कोण बघणार, तापट घोड्याजवळ एकटीला पाठवतात का, घोड्यावर बसायचं झालं तर हेल्मेट देतात का, विचारलं की हसतात का. तिच्याकडे सगळी उत्तरं ठीक होती म्हणून मी तिला टिकायला सांगितलं. तुमची उत्तरं तशी नसतील तर ती नोकरी सोडण्यात हार बिर काही नाही, लगेच सोडा.

तिसऱ्या आठवड्यात मेसेज आला. एका घोड्याची पाण्याची बादली सकाळपासून भरलेलीच होती, तिने जाऊन काकांना ते वाक्य म्हटलं. काकांनी बादलीत नाक घातलं, फिनाईलचा वास येत होता, कोणीतरी फरशी पुसायची बादली पाण्याला लावली होती. बादली बदलली तर घोडा गटागटा प्यायला. काका काही बोलले नाहीत, निघताना फक्त तिच्या हातात खरारा दिला आणि म्हणाले, ये, उन्हाच्या आत हा करून घेऊ.

पहाटेचा गोळा अजून येतो, पण तबेल्यात पोचून पहिली बादली भरली की जातो असं ती म्हणते. मला ते पुरेसं वाटतं. सहावी भेट बुधवारी ठरली होती, ती तिने फोन करून पुढे ढकलली. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, खुरांना नाल ठोकणारा, येतो, तो नेमका बुधवारीच येणार होता, आणि त्या घोडीला, पोट दुखलेल्या, दोरीने धरून उभं राहायचं काम या वेळी तिला दिलं होतं.