पगार ४५ टक्के वाढला, घराचं उत्पन्न मात्र घटलं

"महागड्या भागात नोकरी मिळतेय, पगारही चांगला वाढतोय. पण सगळं बिऱ्हाड घेऊन गेलो तर भागेल का?" समुपदेशनाला येणाऱ्या कुटुंबांचा हा नेहमीचा प्रश्न. खरं तर बरेचजण उत्तर ठरवूनच आलेले असतात, त्यांना फक्त शिक्का हवा असतो. इथे मांडलेलं जोडपंही तसंच आलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघांचं मिळून दरमहा हातात पडणारं उत्पन्न १०० धरलं आहे आणि बाकीच्या सगळ्या रकमा त्याच मापात दिल्या आहेत.

नोकरी बायकोला मिळत होती. १०० पैकी ६० तिचे, ४० नवऱ्याचे. तो कार्यालयांमधले कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्त करतो, ग्राहक सगळे ओळखीतून आलेले. मुलगा सात वर्षांचा. शाळा सुटल्यावर त्याला आजी घरी आणते आणि आईबाबा येईपर्यंत सांभाळते. राहतं घर स्वतःचं, कर्जाचा हप्ता चालू. त्यांचा हिशोब एका ओळीचा होता: नेटवरच्या तुलनेत ते शहर ३५ टक्के महाग, पगारवाढ ४५ टक्के, म्हणजे १० टक्के फायद्यात.

या एका ओळीत तीन चुका आहेत आणि तिन्ही सर्रास होतात.

पहिली चूक 'पगार' या शब्दातच आहे. ऑफर लेटरवरचे ४५ टक्के वार्षिक पॅकेजवर होते. त्यातला काही भाग वर्षअखेरीस, कामगिरी पाहून मिळणारा. शिवाय उत्पन्न वाढलं की वरच्या टप्प्यातला कर लागतो. हे सगळं वजा करून दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम काढली तेव्हा ६० चे ८४ होत होते. म्हणजे वाढ ४० टक्के. आणि नवऱ्याचे ४०? त्याचं काम सध्याच्या शहराला बांधलेलं. नव्या जागी ग्राहक शून्यापासून जोडायचे. 'तो तिकडेही काहीतरी करेलच' हे खरं असलं, तरी 'काहीतरी' ही रकान्यात लिहायची रक्कम नव्हे. आम्ही पहिले सहा महिने शून्य आणि त्यानंतर ३० धरले. म्हणजे पगार वाढला आणि घराचं उत्पन्न १०० वरून ८४ वर आलं. हा आकडा कागदावर उमटल्यावर दोघं बराच वेळ गप्प होते.

दुसरी चूक तुलनेची. ३५ टक्के महाग म्हणजे कोणासाठी? असे आकडे ठरावीक वस्तूंच्या सरासरी टोपलीवर काढतात. त्यांच्या टोपलीत घरभाड्याचा वाटा किती, शाळेची फी धरली आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तो आकडा तुमचा होत नाही. काहीजण याहून वाईट करतात: दोन ठिकाणांचे महागाई निर्देशांक शेजारी ठेवून ज्याचा मोठा ते ठिकाण महाग, असं धरतात. निर्देशांक त्याच ठिकाणच्या किमती आधारवर्षापासून किती वाढल्या एवढंच सांगतो. आधारवर्षी दोन्ही ठिकाणं १०० वरूनच निघालेली असतात, मग तेव्हा त्यांच्या किमतींत दुपटीचा फरक का असेना.

तिसरी चूक म्हणजे आजचा खर्च अंदाजाने सांगणं. 'महिन्याला किती लागतात?' असं विचारल्यावर दोघांनी मिळून ५८ सांगितले. तीन महिन्यांची बँक आणि कार्डाची स्टेटमेंट काढून, त्यात वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च बारांनी भागून मिळवले तर निघाले ७२. मधले १४ कुठे होते? विम्याचा वार्षिक हप्ता, शाळेच्या फीचा दुसरा हप्ता, गाडीचे टायर, दातांचं काम, लग्नकार्यातलं देणंघेणं. यातला एकही खर्च अचानक आलेला नव्हता. फक्त दर महिन्याला येत नाही, म्हणून तो लक्षात राहत नाही. नव्या जागेचा हिशोब ५८ वर बांधला असता, तर पायाच कच्चा राहिला असता.

७२ ची फोड अशी: घराचा हप्ता १६, किराणा-भाजी-दूध १८, शाळा ९, प्रवास ६, वीज-गॅस-फोन ४, दवाखाना आणि विमा ५, घरकामाची मदत ३, कपडे-फिरणं-देणंघेणं ७, आईवडिलांना ४. आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: जागा बदलल्यावर हा खर्च तसाच राहील, बदलेल, की जाईल? आणि सगळ्यात शेवटी, जो आज नाहीच असा कुठला खर्च नव्याने येईल?

तसेच राहतात ते पटकन लिहून होतात: विमा-दवाखाना ५, आईवडिलांना ४, कपडे वगैरे ७. किराण्यात लोक फार घाबरतात, पण पॅकबंद मालात फरक थोडाच असतो. फरक पडतो तो ताज्या मालात आणि बाहेरच्या खाण्यात. घरातल्या वीस नेहमीच्या वस्तूंची यादी तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे पाठवली आणि त्याच्या नेहमीच्या दुकानातले भाव मागवले. १८ चे २० झाले. विजेचं बिल मागताना एका महिन्याचं मागू नये. सर्वांत कडक उन्हाळ्याचं आणि सर्वांत थंड महिन्याचं मागावं. हवामान वेगळं असेल तर वर्षाचा खर्च तिथेच फुटतो. इथे ४ चे ५ धरले, घरकामाचे ३ चे ५.

घर आणि शाळा या दोन ओळींवर मात्र दोन बैठकी गेल्या.

त्यांनी आधी घर पाहिलं होतं आणि शाळा नंतर बघू म्हणत होते. क्रम उलटा हवा. वर्षाच्या मधे मुलाच्या इयत्तेत जागा कुठल्या शाळेत आहे, ते आधी फोन करून विचारायचं. त्या शाळेपासून आणि ऑफिसपासून जमेल अशा दोन-तीन वस्त्या निवडायच्या आणि मगच भाडी बघायची. नाहीतर स्वस्त घर मिळतं आणि शाळेच्या बसवर व पेट्रोलवर तेच पैसे जातात. फी विचारताना वार्षिक फीसोबत प्रवेशाच्या वेळी एकदाच घेतात ती रक्कम, बस, गणवेश, पुस्तकं हे वेगवेगळं विचारावं. दरमहा ९ चे १३ झाले आणि एकरकमी १५ वेगळे.

भाड्याबाबत नवऱ्याने एक नियम वाचला होता: भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत हवं. हा नियम जगभर फिरतो, पण त्याची मुळं अमेरिकेतल्या सरकारी घरांत आहेत. १९६९ साली तिथल्या भाडेकरूंसाठी उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आली आणि १९८१ मध्ये ती ३० झाली. गरीब भाडेकरूकडून किती भाडं घ्यावं याची ती मर्यादा होती. ज्याच्या मागे जुन्या घराचा हप्ताही आहे, त्याने किती द्यावं हे ती सांगत नाही. यांना आवडलेल्या घराचं भाडं २४, म्हणजे ८४ च्या २९ टक्के. नियमात बसत होतं! पण जुनं घर भाड्याने देऊनही हप्त्यातले ७ खिशातूनच जाणार होते. (अपेक्षित भाडं १२. वर्षात दोन महिने घर रिकामं धरलं की सरासरी १०, देखभालीचा १ वजा, उरले ९. हप्ता १६.) बारा महिने भाडेकरू राहील असं धरणारे लोक आम्हाला दर वर्षी भेटतात. तसे भाडेकरू मात्र कमी भेटतात.

प्रवासाचे ६ चे ८ झाले. नकाशावरचं अंतर बघून तिला वाटलं होतं, अर्धा तास लागेल. सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला ओळखीच्याला घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत जायला सांगितलं, तर ५५ मिनिटं लागली.

उरली नवी ओळ. आजी सोबत येणार नव्हती. स्टेटमेंटमध्ये आजीच्या नावाने एक पैसाही दिसत नाही, पण शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंतचं पाळणाघर आणि तिथवर ने-आण म्हणजे ६. गावी येण्याजाण्याचे ४, तेही सुट्टीच्या गर्दीतल्या तिकिटांचे दर धरून. कारण शाळकरी मूल असलेलं घर सुट्टीतच प्रवास करतं.

बेरीज १०८. त्यांच्यासाठी महागाई ३५ नव्हे, ५० टक्के निघाली. नवरा घरी असेपर्यंत पाळणाघर नाही, म्हणून १०२. उत्पन्न ८४. दरमहा १८ ची तूट, सहा महिन्यांची १०८. त्याला काम मिळाल्यावर ११४ पैकी शिल्लक ६. आज २८ उरतात. कर्ज न काढता एकटीच्या पगारात तोंडमिळवणी करायची, तर तिचा हातात येणारा पगार ७० टक्के वाढायला हवा होता. आजइतकी बचत टिकवायची, तर नवऱ्याचे ३० धरूनसुद्धा ७७ टक्के. कंपनीशी बोलायला बसण्याआधी हे दोन आकडे हातात हवेत.

शिवाय एकरकमी खर्च: डिपॉझिट ७२, दलाली २४, सामान हलवणं २०, शाळा प्रवेश १५, पडदे-गीझर-जोडण्या असली किरकोळी १५. एकूण १४६. डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण अडचणीच्या महिन्यात ते हाताशी नसतं, म्हणून खर्चातच धरावं. तुटीचे १०८ मिळवून २५४. लगेच मोडता येण्याजोगी बचत होती १८०.

इथे 'जाऊ नका' असं सांगणं सोपं होतं. पण तिच्या क्षेत्रात त्या पदाची संधी पुन्हा कधी येईल याची खात्री नव्हती आणि तिला ती हवीच होती. मग प्रश्न बदलला: कसं गेलं तर जमेल?

पगाराचा टक्का वाढवायला कंपनी तयार नव्हती. अनेकदा नसतेच, कारण एकाचा वाढवला की त्याच पदावरचे बाकीचे विचारतात. एकरकमी मदतीला मात्र बऱ्याचदा वाव असतो. तिने सामान हलवण्याचे २० आणि दलालीचा खर्च मागितला आणि तो मिळाला. वर्षभराच्या आत नोकरी सोडली तर ती रक्कम परत करावी लागेल, ही अट तिने लेखी घेतली आणि तशी नोंद हिशोबात केली. घर थोडं लांबचं पाहिलं: भाडं १९, प्रवास १०. महिन्याला ३ वाचले आणि डिपॉझिट ५७ वर आलं. आता तूट दरमहा १५, सहा महिन्यांची ९०. एकरकमी ८७. एकूण १७७. बचतीच्या आत बसलं, पण ३ ची शिल्लक म्हणजे एक आजारपणसुद्धा झेपायचं नाही.

खरा फरक पडला तो तारखेने. शाळेचं वर्ष संपायला चार महिने होते. तेवढे महिने ती एकटी तिकडे खोली घेऊन राहील, नवरा आणि मुलगा इथेच आजीजवळ. दोन चुली म्हणजे खर्च दुप्पट, अशी त्यांची भीती होती. मांडून पाहिलं: खोली १०, तिचं जेवण-प्रवास ५, येणंजाणं ३, म्हणजे आजच्या ७२ वर १८, एकूण ९०. उत्पन्न ८४ आणि ४० मिळून १२४. दरमहा ३४ शिल्लक, चार महिन्यांत १३६. बचत १८० वरून ३१६ वर. याच चार महिन्यांत नवऱ्याने दोनदा तिकडे जाऊन कार्यालयं धुंडाळायची आणि इथल्या मोठ्या ग्राहकांचं काम दुरून किती सांभाळता येईल ते आजमावायचं, असं ठरलं. तिने त्या काळात निवडलेल्या वस्तीतून ऑफिसला जाऊन बघायचं, तेही पावसाळी दिवशी.

मुलापासून चार महिने लांब राहणं तिला जड जाणार होतं. तो विषय आकड्यांनी मिटणारा नव्हता, त्यासाठी वेगळी बैठक झाली.

शेवटच्या भेटीत वहीत एक तारीख लिहिली: सगळे एकत्र राहायला लागल्यापासून सहाव्या महिन्याची अखेर. तोपर्यंत नवऱ्याचं उत्पन्न १५ च्या वर गेलेलं नसेल, तर भाडेकरार संपताना लहान घरात जायचं की जुनं घर विकून हप्ता बंद करायचा, हे त्या दिवशी ठरवायचं. ते वाक्य नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली दोघांनी सह्या केल्या.