परदेशात स्थायिक होताना नोकरीत स्थिरता यायला इतका वेळ का लागतो?

पहिली नोकरी तशी लवकर मिळते. शिक्षणाला साजेशी मिळायला वेळ लागतो. डॉक्टर, नर्स, इलेक्ट्रिशियन अशा परवाना लागणाऱ्या कामांत जुनी पदवी बहुतेक ठिकाणी आपोआप चालत नाही. पडताळणी, भाषेची परीक्षा, कधी पुन्हा प्रशिक्षण. तोवर घरभाडं कोण थांबवणार? मग माणूस गोदामात नाहीतर टॅक्सीवर लागतो. खरी गोची पुढे आहे: दोन-तीन वर्षांनी सीव्हीवर तोच अनुभव वर दिसतो आणि मूळ क्षेत्रातला खंड मुलाखतीत आडवा येतो. जर्मनीने २०१२ मध्ये परदेशी पात्रतेच्या मान्यतेसाठी कायदा लागू केला, तो याच अडचणीवर.

व्हिसाचंही तसंच. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर दुसरी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस. अशा माणसाने पगारासाठी घासाघीस तरी कशी करायची!

माझ्या मते पदवीच्या मान्यतेचा अर्ज शक्य असेल तिथे निघण्याआधीच टाकावा. आपल्या लोकांच्या ओळखीने पहिलं काम झटकन मिळतं, ते घ्यावंही. पण बढती हवी असेल तर स्थानिक सहकाऱ्यांत मिसळावं लागतं आणि त्यासाठी कामाच्या ठिकाणची बोली यावी लागते, नुसती परीक्षेपुरती भाषा नाही.