'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळात पॅलाडिन (शपथेला बांधलेला धर्मयोद्धा) एकदा खोटं बोलला तर त्याच्या शक्ती लगेच जातात का? (आमची मोहीम देवगिरी किल्ल्यावर आहे, अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारात) लपलेल्या गावकऱ्यांबद्दल तो पहारेकऱ्याशी खोटं बोलला.)

नाही, एवढ्या एका खोट्यानं जात नाहीत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या ३.५ आवृत्तीत (२००३) शक्ती जाण्याची कारणं तीनच: लॉफुल गुड (नियम पाळणारा सज्जन) न राहणं, जाणूनबुजून दुष्ट कृत्य करणं किंवा आचारसंहितेचा ढळढळीत भंग. खोटं बोलणं, फसवणं, विष वापरणं त्या संहितेत बसत नाही हे खरं, पण जीव वाचवायला मारलेली थाप 'ढळढळीत' म्हणणं जरा अतीच होईल. तसंही, "सांगणार नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं; गप्प राहणं म्हणजे खोटं नव्हे. शक्ती गेल्याच तर क्लेरिकचा (देवाच्या पुजाऱ्याचा) पाचव्या पातळीचा प्रायश्चित्ताचा मंत्र लागतो, आणि पाप मुद्दाम केलेलं असेल तर मंत्र म्हणणाऱ्याचेच ५०० अनुभव-गुण जातात. म्हणजे भुर्दंड दुसऱ्याला!

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिन तिसऱ्या पातळीवर शपथ घेतो. भक्तीच्या शपथेत 'खोटं बोलू नकोस' आहे, सूडाच्या शपथेत नाही. चूक झाली तर सहसा रात्रभर प्रार्थना किंवा उपवास करून चूक कबूल केली की क्षमा मिळते. पश्चात्तापच नसेल तरच डीएम (खेळ चालवणारा) पॅलाडिन हा वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, काढून घेऊ शकतो.

मात्र दोन्हींत शेवटचा शब्द डीएमचा. भांडणं होतात ती कृती झाल्यावर नियम काढला म्हणून. संहिता पहिल्याच बैठकीत चार-पाच ओळींत लिहून घ्या, आणि खेळाडू ती मोडायच्या बेतात असेल तेव्हा डीएमनं आधी टोकावं.