‘नगरपाल’ कुठला? ठाणेदार म्हणा!

प्रश्न : पंधराव्या शतकातला फ्लेमिश सरदार लुई द ग्रूटहूज ब्रुज शहराचा (आज बेल्जियममध्ये) ‘गव्हर्नर’ होता, पुढे हॉलंड-झीलंड या डच प्रांतांचा ‘स्टाटहाउडर’ झाला. दोन्हीला राज्यपाल म्हणावं, की स्टाट म्हणजे शहर म्हणून नगरपाल?

दोन्ही नको. राज्यपाल म्हटलं की शपथविधी आणि अभिभाषण डोळ्यांपुढे येतं. लुई घोड्यावरचा माणूस. १४५२ मध्ये शेजारचं घेंट शहर या मुलखाच्या धन्यावर, बर्गंडीच्या ड्यूक फिलिपवर उलटलं, तेव्हा ब्रुज हातचं जाऊ न देणं हे त्याचं काम. पुढच्या वर्षी गाव्हरच्या लढाईतही तो होता.

‘नगरपाल’ वाचलं की मात्र माझं डोकंच फिरतं. आजच्या डचमध्ये स्टाट म्हणजे शहर, कबूल. पण या शब्दातलं स्टाट म्हणजे जागा! जर्मनांनी ‘शहर’ आणि ‘जागा’ उच्चाराला सारखेच ठेवून लिहायला वेगळे केले, आणि त्यांच्या ‘स्टाटहाल्टर’मध्ये जागेचं स्पेलिंग आहे. विषय संपला. स्टाटहाउडर म्हणजे मालकाची जागा धरून बसलेला. फ्रेंच ‘लेफ्टनंट’ फोडा, तेच निघेल. अरबीत हाच नायब. आणि नायबाच्या अनेकवचनातून आला आपला नवाब. म्हणजे एवढा थाटमाट करणारा नवाब मुळात दुसऱ्याच्या गादीवरचा बदली माणूस!

आता खरी गंमत. स्टाट आणि आपलं ‘स्थान’ एकाच धातूचे, उभं राहणं या अर्थाच्या. स्थानाचं झालं ठाणं. तिकडे जागेचं शहर झालं, इकडेही ठाणं नावाचं शहर झालंच की. हाउडर म्हणजे धरणारा, फारसी ‘दार’ म्हणजेही धरणारा. जोडा : ठाणेदार! अवयवाला अवयव जुळतो. कुणी म्हणेल, अर्थ नेमका जुळत नाही, ठाणेदार आपलं ठाणं सांभाळतो, मालकाची जागा नव्हे. जुळत नाही, मान्य. पण ब्रुजच्या पदाला तोच चपखल बसतो : सैन्य हाताशी, शहर ताब्यात, हुकूम वरच्याचा. काही जाणकार ‘किल्लेदार’ सुचवतात. ब्रुज कालव्यांवरची व्यापारपेठ होती हो, रायगड नव्हे. ‘हवालदार’ शिवकाळात शोभला असता. आज वाचणारा चौकातली शिट्टी ऐकेल.

जाता जाता, लुईचं आडनावही पाहा. ग्रूट म्हणजे बिअरमध्ये घालायचा वनस्पतींचा मसाला, हूज म्हणजे घर. ब्रुजमध्ये त्या ग्रूटवरच्या कराचा हक्क या घराण्याकडे होता. आपल्या पोतनीस, कोठावळे यांच्या पठडीतलं नाव, फक्त वास वेगळा.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. ब्रुजपुरता ठाणेदार, हॉलंडपुरता नायब. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड १४७० मध्ये परागंदा होऊन आला तेव्हा लुईने त्याला आसरा दिला. गादी परत मिळाल्यावर, १४७२ मध्ये, त्याने लुईला विंचेस्टरचा अर्ल केलं. ‘अर्ल’चं मराठी मात्र मला विचारू नका.