खडकवासल्यापलीकडची कच्ची वाट: कधी जायचं आणि कुठून

तुमचा प्रश्न असा: पुण्यात कर्वेनगरला राहता, दिवाळीत २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली माउंटन बाइक) घेतली, दर रविवारी डांबरी रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन येता आणि आता त्याचा कंटाळा आलाय. धरणांच्या आणि नद्यांच्या काठाने कच्च्या वाटेवर चालवायचीय, आणि कुणाकडे जीपीएस ट्रॅक असेल तर तो हवाय.

ट्रॅक माझ्याकडे पंधरा-वीस पडलेत. देत नाहीये, आणि त्यात कंजूषपणा नाही. फेब्रुवारीत पानशेतच्या काठाने नोंदवलेली वाट ऑक्टोबरात पाण्याखाली असते. तोच ट्रॅक मे महिन्यात लावलात तर पाणी कुठल्या कुठे खाली गेलेलं, आणि तुम्ही वर दगडगोट्यांत सायकल ढकलत बसलेले. इथली काठाची वाट दर महिन्याला जागा बदलते. ती कुठे आहे हे कळायला धरणात पाणी किती आहे ते कळावं लागतं.

म्हणून पेपरात धरणसाठ्याची चौकट येते ती नुसती पाणीकपातीच्या धास्तीने वाचू नका. भरल्यावर पानशेत १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला जेमतेम १.९७. शहराचं पाणी आणि दौंड-इंदापूरकडे जाणारा कालवा, दोन्ही खडकवासल्यातून निघतं. त्यामुळे ते छोटं भांडं वरच्या धरणांतून सतत भरत ठेवावं लागतं, आणि त्याचा काठ फार मागेपुढे होत नाही. रिकामी होतात ती वरची मोठी धरणं. पानशेत आणि वरसगाव निम्म्याच्या खाली आले की काठाची वाट उघडली, असं मी धरून चालतो. हा माझा ठोकताळा आहे, पण बरीच वर्षं त्याने दगा दिलेला नाही.

याच गोष्टीतून एक धोका निघतो, तो आधी सांगतो. पानशेत आंबी नदीवर आहे, वरसगाव मोसे नदीवर. खडकवासला भरायला या दोन्हींतून पाणी सोडतात ते नदीच्या पात्रातूनच खाली येतं. म्हणजे एप्रिलच्या कडक उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, कोरडं दिसणारं पात्र तासाभरात वाहायला लागू शकतं. पावसाळा संपला म्हणून पात्रात सायकल आडवी टाकून डबा सोडून बसू नका. बसायचं तर काठावर, आंब्याखाली.

आता पहिली वाट. रविवारी डोणजे-पानशेत रस्ता विसरा. चौपाटीवर कणीस आणि भजी खाणाऱ्यांच्या गाड्यांतून वाट काढण्यातच अर्धा जीव जातो. त्याऐवजी जलाशयाच्या पलीकडच्या अंगाने जा: उत्तमनगर, कोंढवे-धावडे, पुढे कुडजे, आगळंबे, मांडवी, सांगरूण. सुरुवातीला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, हद्द लागते. तिथे रस्ता सोडून आत शिरायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, ‘जरा बघून येतो’ तर अजिबात नाही. कुडज्यापासून पुढे मात्र मजा आहे. मुख्य रस्ता डांबरी असला तरी डावीकडे पाण्याच्या दिशेने बैलगाडीच्या चाकोऱ्या उतरतात, काठाजवळ जरा फिरतात आणि पुढच्या गावाला पुन्हा वर येतात. चुकलात तरी फार लांब जात नाही, कारण एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला रस्ता कायम असतो. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगली शाळा पुण्याजवळ मला माहीत नाही. सांगरूणच्या परिसरात आंबी, मोसे आणि मुठा या नद्या एकत्र येतात. पहाटे निघून ऊन चढायच्या आत तिथे पोचा, भाकरी खा आणि परत फिरा. पहिल्या दोन-तीन वेळा एवढं पुरे.

रस्ता विचारायची एक रीत सांगतो. ‘ही वाट पुढं जाते का?’ असं विचारलंत तर उत्तर कायम ‘जातीया की’ असंच येणार. माणूस खोटं बोलत नाही. त्याच्या पायांसाठी वाट जातेच. विचारायचं ते असं: ‘बैलगाडी जाते का?’ जात असेल तर तुम्ही सॅडलवर बसून जाल. ‘मोटारसायकल जाते, गाडी नाही’ म्हणाले तर मधे दोन-चार ठिकाणी उतरावं लागेल. ‘माणसं जात्यात’ म्हणाले की समजायचं, सायकल खांद्यावर.

चिखलाबद्दल मात्र सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण या वाटांवर माणसं पडतात ती दगडांमुळे कमी आणि मातीमुळे जास्त. मुरमाची वाट पावसानंतर काही तासांत चालवण्याजोगी होते, पाणी खाली झिरपून जातं. काळी माती वेगळी. अवकाळीची एक सर आली की ती टायरला थरावर थर चिकटते, पुढच्या फोर्कमध्ये आणि मागच्या चाकाशेजारच्या नळ्यांमध्ये (चेनस्टे) भरते आणि चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलंत तर मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) स्पोक्समध्ये गेलाच म्हणून समजा. मी एकदा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, असाच मोडला आणि चेन तोडून, एका गिअरवर रडतखडत घरी आलो. तेव्हापासून जादा हँगर पिशवीत असतो. तुमच्या फ्रेमचा नेमका कुठला ते दुकानदाराला विचारून आजच घेऊन ठेवा. दुसऱ्या सायकलचा त्यात बसत नाही.

तिसरा प्रकार काठावरच्या गाळाचा, आणि तोच सगळ्यात फसवा. एका मार्चमध्ये वरसगावच्या काठाने चाललो होतो. समोर करड्या रंगाचं मोठं सपाट मैदान, भेगा पडलेलं, वाळून कडक झालेलं. मी खुशीत गिअर वाढवला. वीस-पंचवीस पेडल झाले असतील नसतील, पुढचं चाक खचकन आत गेलं आणि मी हँडलवरून पलीकडे. उठायला गेलो तर गुडघ्यापर्यंत गाळ. वर एक आजोबा गाळपेराच्या भुईमुगात बसले होते. धरणाचं पाणी उतरतं तशी उघडी पडलेली जमीन पेरतात, तो गाळपेर. ते न हसता खाली आले, काठी पुढे केली आणि म्हणाले, ‘पोरा, वर साय धरलीया, खाली दूधच हाय.’ मग त्यांनीच शिकवलं: भेगा हातभर खोल, बोट आत जाईल एवढ्या रुंद असतील तर खुशाल जा. केसासारख्या बारीक असतील तर नुसती वरची पापडी वाळलीय, लांब राहा. हे मला त्याआधी कुठल्याही सायकलवाल्याने सांगितलं नव्हतं.

आणि हो, त्या गाळपेरातून सायकल घालू नका. रिकामी जमीन दिसते, पण तिथे कुणाचं तरी बी पडलेलं असतं. पाणवठ्यावर बायका धुणं धूत असतील तर उतरून, चालत, बोलून पुढे जा.

काठाच्या वाटांचा हात बसला की पवना धरणाला जा. सायकल गाडीवर टाकून कामशेत, तिथून बेडसे आणि पवनानगर. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार किल्ले भोवती आणि मधे पाणी. देखणेपणात खडकवासला त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण शनिवार-रविवारी काठभर तंबू आणि स्पीकर. मधल्या वारी गेलात तरच अर्थ आहे. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की बुडालेलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. ते दिसेल तेव्हा काठाची वाट सर्वांत रुंद असते. मुळशी मला या कामासाठी फारशी आवडत नाही. काठाचा बराच भाग कुंपणाआड आहे आणि सारखं रस्त्यावर परत यावं लागतं. डांबरी घाट चढायची हौस असेल तर ताम्हिणीच्या बाजूला जा, ते वेगळं.

जून ते सप्टेंबर काठ पूर्ण बंद समजा. तेव्हा वेताळ टेकडी. मुरूम आहे, चढ-उतार शिकायला उत्तम, आणि घरापासून जवळ. सकाळी फिरायला येणारी मंडळी तुमच्यापेक्षा जुनी गिऱ्हाइकं आहेत, तेव्हा घंटा लावा आणि अरुंद जागी थांबा. पाऊस चालू असताना ओल्या पायवाटेवर चर पाडत जाऊ नका, आणि कातळावर शेवाळ असेल तिथे पुढचा ब्रेक दाबू नका.

सामानाचं दोन शब्दांत. ट्यूब असतील तर लवकर ट्यूबलेस करून सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरा. वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे इथे पावलोपावली आहेत, आणि शेताच्या कुंपणाला टाकलेली बाभळीची फांदी वाटेवर ओढली जातेच. माझं वजन सत्तर किलो. मी ट्यूबलेसमध्ये पुढे २३ आणि मागे २६ पीएसआय (पंपावर दिसणारा हवेचा दाब) ठेवतो. तुम्ही जड असाल तर दोन-तीन वाढवा. रस्त्यावर भरता तशी पन्नासची हवा घेऊन आलात तर गोट्यांवर सायकल बेडकासारखी उड्या मारेल. पाणी तीन लिटर. दिवसभर पाण्याशेजारून जाल, पण त्यातलं प्यायचं नाही. चिखल खरवडायला जुना टूथब्रश.

दिवाळीनंतर थंडीत अजून सगळीकडे पाणी वर असतं, तेव्हा कुडजे-सांगरूणपासूनच सुरुवात करा. फेब्रुवारीच्या शेवटी पानशेतचा आकडा बघा आणि मला विचारा. तोपर्यंत तुमची हवा आणि हँगर दोन्ही जागेवर आले असतील तर एका बुधवारी मीच येतो बरोबर.